थेट तक्रारीचा हक्क : औद्योगिक न्यायालयाची वाटचाल

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव आणि चाकण या पट्ट्यात ‘यूएलपी टाकली’ म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. युनियन केली म्हणून लांब बदली झाली, वेतन करार पाळला गेला नाही, वर्षानुवर्षे टेम्पररी ठेवले किंवा एके दिवशी गेटवरच अडवले, की कामगार वकील गाठतो. मग पुण्याच्या कामगार न्यायालयात किंवा औद्योगिक न्यायालयात अनुचित कामगार प्रथेची तक्रार दाखल होते. त्यासाठी सरकारची परवानगी लागत नाही आणि कामगार आयुक्तांच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. थेट तक्रारीचा हा हक्क महाराष्ट्रातल्या कामगाराला ८ सप्टेंबर १९७५ रोजी मिळाला. २०२५ मध्ये त्याची पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या.

पन्नास वर्षांत हा हक्क निकालागणिक वाढला आणि एका ठिकाणी तो थबकला. कायम कामगारासाठी तो रुंद होत गेला. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत मात्र ‘तू आमचा कामगारच नाहीस’ एवढे म्हटले की तक्रार पहिल्याच पायरीवर अडू लागली. आज या पट्ट्यात ज्यांना या न्यायालयाची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांनाच तिथे पोचणे सर्वांत अवघड आहे. उच्च न्यायालयाच्या निकालांवर लिहिणाऱ्या प्रत्येक भाष्यकाराने या गोष्टीकडे आधी पाहावे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी या संस्थेची वाटचाल मुळापासून पाहायला हवी.

गिरणगावातला जन्म

औद्योगिक न्यायालय जन्मले ते मुंबईच्या कापड गिरण्यांच्या संघर्षातून. १९३४ च्या मुंबई कायद्याने तंट्यांत समेट घडवण्याची यंत्रणा आणली. पुढे बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३८ चा मुंबई औद्योगिक तंटे कायदा केला आणि त्यातून औद्योगिक न्यायालय उभे राहिले. संपाआधी समेटाची प्रक्रिया सक्तीची करणाऱ्या या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी कडाडून विरोध केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. संपाचा हक्क हा माणसाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, अशी बाबासाहेबांची विधिमंडळातली मांडणी होती. न्यायालय हवे, पण ते कामगाराची ताकद काढून घेऊन नको, हा वाद या संस्थेच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे.

१९३८ च्या कायद्याची जागा १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने घेतली. त्यात गिरणी कामगाराला ठरावीक बाबतींत स्वतः न्यायालयात अर्ज करता येत होता. पण हा कायदा कापड, साखर अशा निवडक उद्योगांपुरता होता. अभियांत्रिकी आणि औषधनिर्मितीचे कारखाने १ एप्रिल १९४७ पासून लागू झालेल्या केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली आले. त्या कायद्यात वाद न्यायाधिकरणाकडे पाठवायचा की नाही, हे सरकार ठरवी. पुढे पिंपरी-चिंचवडमध्ये जी कारखानदारी वाढली, ती नेमकी याच कायद्याखालची होती.

पिंपरीचे नाव निकालसंग्रहात

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातली औषध कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. आकुर्डीत बजाज, चिंचवडमध्ये टेल्को, त्यांच्याभोवती सुटे भाग करणारे शेकडो छोटे कारखाने. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका. शेती सोडून आलेला, मराठवाड्यातून, सोलापूर-सातारा-नगरहून आलेला तरुण इथे पहिल्यांदा पंचिंग कार्ड, स्टँडिंग ऑर्डर आणि चार्जशीट हे शब्द शिकला.

या पट्ट्याने देशाच्या कामगार कायद्याला दिलेला पहिला मोठा निकाल हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचाच. सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल १९६७ च्या निकालसंग्रहांत छापून आला. सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांचे हेतू वेगळे असतात, म्हणून वेतन ठरवताना त्यांना खासगी कंपन्यांच्या पंक्तीत बसवू नये, असा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो नाकारला. त्या विभागातल्या तशाच उद्योगांमध्ये काय वेतन दिले जाते, हीच कसोटी सरकारी मालकीच्या कंपनीलाही लागू ठरली. पिंपरीतल्या एका वेतनवादाने देशभरातल्या सार्वजनिक क्षेत्रातल्या कामगारांचा प्रश्न सोडवला. तरीही इथल्या किती कामगारांना तो आपल्या गावचा निकाल म्हणून ठाऊक आहे?

तांबे समिती ते १९७५

केंद्राच्या कायद्यातली अडचण साठच्या दशकात ठळक झाली. कामगाराला काढले, की युनियनने मागणी करायची, समेट अधिकाऱ्यापुढे तारखा पडायच्या, समेट फसला की अहवाल सरकारकडे जायचा आणि मग सरकार वाद न्यायाधिकरणाकडे पाठवेल तेव्हा सुनावणी सुरू व्हायची. तोपर्यंत कामगार गावी परतलेला असे आणि युनियन मोडलेली असे. दुसरा प्रश्न मान्यतेचा होता. एकाच कारखान्यात दोन-तीन युनियन असत आणि त्यांपैकी कोणाशी बोलायचे, हे मालक आपल्या सोयीने ठरवी.

१९६८ मध्ये महाराष्ट्र सरकारने औद्योगिक न्यायालयाचे अध्यक्ष डी. जी. तांबे यांच्या अध्यक्षतेखाली अनुचित कामगार प्रथांवर समिती नेमली. तिच्या अहवालातून ‘महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देणे व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणे अधिनियम, १९७१’ आकाराला आला. त्याला राष्ट्रपतींची संमती फेब्रुवारी १९७२ मध्ये मिळाली आणि अंमल सुरू झाला तो ८ सप्टेंबर १९७५ पासून.

या कायद्याने तीन गोष्टी केल्या. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, आधीचे सहा महिने किमान तीस टक्के सदस्यसंख्या असलेल्या युनियनला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळू लागली. मालकाने काय करायचे नाही आणि युनियननेही काय करायचे नाही, याच्या याद्या परिशिष्टांत आल्या. आणि तक्रारदाराला नव्वद दिवसांच्या आत सरळ न्यायालयात जाता येऊ लागले. न्यायालय प्रथा थांबवायला सांगू शकते, कामावर परत घ्यायला, मागील पगार द्यायला सांगू शकते आणि तक्रार चालू असताना अंतरिम आदेशही देऊ शकते. आदेश मोडला तर शिक्षेची तरतूद आहे. कामगाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ठरला तो अंतरिम आदेश, कारण पगार थांबलेल्या घराला दहा वर्षांनी येणाऱ्या निकालापेक्षा पहिल्या महिन्यातला ‘स्टे’ तारतो.

अनुचित प्रथांची यादी केंद्राच्या कायद्यात आली ती १९८२ च्या दुरुस्तीने, आणि तिथेही उपाय होता तो खटला भरून शिक्षा करण्याचा. दाद थेट मागण्याचा मार्ग महाराष्ट्राने आधी बांधला होता.

हक्क रुंदावत गेला

औद्योगिक न्यायालयाच्या निकालावर अपील नाही. कामगार न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण आणि त्यानंतर थेट मुंबई उच्च न्यायालयात रिट, अशी ही वाट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट खंडपीठ सुरू झाले, पण पुणे जिल्हा त्यात नाही. चाकणच्या कामगाराची फाइल आजही मुंबईलाच जाते. रिटमध्ये न्यायालयाने कुठवर शिरायचे, याची सीमा सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या सय्यद याकूब निकालाने आखली : कायद्याची उघड चूक दुरुस्त करता येते, पण पुराव्याची नव्याने तोलमाप करता येत नाही. म्हणजे खालच्या न्यायालयात साक्ष नीट नोंदली गेली नाही, तर वर फार काही उरत नाही.

तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९२३ मध्ये इंडियन लॉ सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी हे महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे धर्मशास्त्राचे व्यासंगी होते आणि विद्यार्थ्याच्या अंगीही तो व्यासंग उतरला. दत्तक मीमांसेसारख्या ग्रंथावर काम करणारे गजेंद्रगडकर पुढे देशाच्या औद्योगिक कायद्याचे प्रमुख शिल्पकार झाले. सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाल्यावर १९६६ ते १९६९ या काळात त्यांनी पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपद भूषवले. ग्रंथ, निकाल आणि धोरण या तिन्ही ठिकाणी एकाच अभ्यासूची नजर फिरली, तर कायदा किती बांधेसूद होतो, याचा तो काळ साक्षी आहे.

१९९५ साली हिंदुस्थान लिव्हर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोठे पाऊल टाकले. बडतर्फीचा आदेश हातात पडेपर्यंत थांबायची गरज नाही, खातेनिहाय चौकशी चालू असतानाही कामगार तक्रार करू शकतो, असे ते म्हणाले. अनुचित प्रथेला ‘प्रतिबंध’ हा कायद्याचा हेतू आहे, आणि नोकरी गेल्यावरच दाद मागता येत असेल तर प्रतिबंध कसला, असा त्यामागचा विचार.

२००६ च्या उमादेवी निकालानंतर सरकारी आस्थापनांतल्या टेम्पररी कामगारांचा कायमपणा धोक्यात आला. तेव्हाही हा राज्य कायदा उपयोगी पडला. एसटी महामंडळाच्या गाड्या धुणाऱ्या कामगारांच्या प्रकरणात, ऑगस्ट २००९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वर्षानुवर्षे टेम्पररी ठेवून कायम कामगाराचे लाभ नाकारणे ही अनुचित प्रथा सिद्ध झाली, तर कायम करण्याचा आदेश देण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार उमादेवी निकालाने हिरावलेला नाही.

जुलै २०२३ मध्ये जेट एअरवेजच्या कामगारांच्या प्रकरणातला निकाल तर या पट्ट्याने पाठ करावा असा आहे. मुंबईच्या आदर्श स्थायी आदेशांतल्या ४-सी कलमाप्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस सलग सेवा केलेला टेम्पररी कामगार कायम होण्यास पात्र ठरतो. युनियनने केलेल्या करारानेही हा हक्क सोडून देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. सात महिने भरले की ब्रेक आणि मग नव्या नावाने नेमणूक, ही पद्धत भोसरी-चाकणमध्ये कोणी पाहिली नसेल? सात महिन्यांचे २१० दिवस होतात आणि कायमपणासाठी २४० लागतात. या हिशेबातच ब्रेकचे सगळे कारण आहे.

‘तू आमचा कामगारच नाहीस’

आता तो थबकलेला टप्पा. १९६० मध्ये मुंबईच्या स्टँडर्ड व्हॅक्युम रिफायनरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की बारमाही आणि उद्योगाला आवश्यक अशा कामासाठी कंत्राट बंद करून नियमित कामगार घ्यावेत. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात याच कसोट्या उतरल्या, पण कंत्राट बंद करण्याचा अधिकार सरकारकडे गेला. १९९५ च्या गुजरात विद्युत मंडळ निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी या कायद्यातली पोकळी दाखवली. कंत्राट रद्द झाल्यावर कामगाराचे काय, याला कायद्यात उत्तर नव्हते. ते ठरवण्याचा अधिकार औद्योगिक न्यायनिवाड्याला द्यावा, अशी दिशा त्यांनी सुचवली. निवृत्तीनंतर पुण्यात राहून ते या प्रश्नांवर शेवटपर्यंत बोलत-लिहीत राहिले.

मग आले २००१ साल. पुण्याच्या कल्याणी स्टील्सच्या कॅन्टीनमधल्या कामगारांनी आपण कंपनीचेच कामगार आहोत, कंत्राटदार नावापुरता आहे, अशी तक्रार केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की ज्यांचे कामगारपण वादातीत आहे त्यांनाच १९७१ च्या कायद्याखाली तक्रार करता येईल. नातेच नाकारले असेल तर आधी दुसऱ्या कायद्याखाली ते सिद्ध करून यावे. सिप्ला प्रकरणात त्याच वर्षी हेच सूत्र आले आणि २००३ मध्ये इंडियन स्मेल्टिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याआधी, ऑगस्ट २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या निकालाने कंत्राट रद्द झाल्यावर आपोआप सामावून घेण्याचा मार्गही बंद केला होता.

या निकालांमागचा तर्क समजून घ्यायला हवा. १९७१ च्या कायद्यातली प्रक्रिया झटपट आहे. कंत्राट खरे की बनावट याचा खोल तपास तिथे होऊ नये, असे न्यायालयाला वाटले. त्यात तथ्य आहे. पण परिणाम काय झाला? कंत्राटी कामगार पुन्हा १९७५ च्या आधीच्या रांगेत जाऊन उभा राहिला : समेट, अहवाल, सरकारचा संदर्भ, न्यायाधिकरण. बनावट कंत्राटाची तक्रार करणाऱ्याला आधी ते बनावट असल्याचे दुसरीकडे सिद्ध करायला सांगणे, म्हणजे ज्याच्या हातात हजेरीपत्रक नाही, वेतनचिठ्ठी नाही आणि ज्याचा गेटपास कंत्राटदाराच्या नावाचा आहे, त्याच्यावरच सगळा भार टाकणे होय.

त्यानंतर उच्च न्यायालयासमोर वारंवार येणारा प्रश्न आहे तो ‘वादातीत’ कशाला म्हणायचे हा. मालकाने नुसते नाकारले की वाद झाला, की नकारालाही काही आधार लागतो? पूर्वी नेमणूकपत्र दिले असेल, नाते आधी मान्य केले असेल, तरी नकार चालेल का? याची उत्तरे प्रकरणाच्या वस्तुस्थितीप्रमाणे वेगवेगळी येतात. म्हणूनच इथे भाष्यकाराची गरज आहे. वीस वर्षांचे निकाल एकत्र ठेवून, कोणत्या कागदाने नाते टिकले आणि कोणत्या कागदाअभावी ते तुटले, हे कोणीतरी नीट मांडायला हवे.

चाकणची नवी माणसे

चाकणची कारखानदारी १९९९ मध्ये बजाजच्या प्रकल्पापासून मोठी झाली आणि २००९ पर्यंत फोक्सवॅगन, मर्सिडीजही इथे आल्या. २५ जून २०१३ रोजी बजाजच्या चाकण कारखान्यात सुरू झालेला संप सुमारे पन्नास दिवस चालला. कामगारांना सवलतीत शेअर द्यावेत, ही मागणी तेव्हा देशभर गाजली. १९८९ च्या टेल्को संघर्षात शनिवारवाड्यावरचे उपोषण आणि पोलिस कारवाई पाहिलेल्या पिढीला या संपात जुन्या ताकदीची ओळख पटली. पण दोन्ही लढे होते कायम कामगारांचे. आज लाइनवर त्यांच्या शेजारी कंत्राटी, फिक्स्ड टर्म आणि ट्रेनी उभे असतात. २०१३ साली आलेल्या ‘नीम’ योजनेखाली शिकाऊ म्हणून उत्पादनावर उभ्या केलेल्या मुलामुलींचा तर कामगार या व्याख्येतच प्रवेश नव्हता.

टाळेबंदीत, १२ मे २०२० रोजी, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तुळजाभवानी मंदिर संस्थानच्या कंत्राटी कामगारांना पूर्ण वेतन देण्याचा अंतरिम आदेश दिला. काम नाही तर दाम नाही, हे तत्त्व अशा असाधारण काळात लावता येणार नाही, असे प्रथमदर्शनी मत न्यायालयाने नोंदवले. नात्याचा तांत्रिक वाद बाजूला ठेवून माणसाच्या पोटाकडे पाहता येते, हे त्या आदेशाने दाखवले.

संहितांच्या काळात

औद्योगिक संबंध संहितेने औद्योगिक विवाद कायदा, ट्रेड युनियन कायदा आणि स्थायी आदेश कायदा हे तिन्ही मागे टाकले आहेत. स्थायी आदेशांसाठी महाराष्ट्रात पन्नास कामगारांची मर्यादा होती, संहितेत ती तीनशे आहे. वाटाघाटीसाठी एकमेव युनियन व्हायला एक्कावन्न टक्के पाठिंबा लागतो, राज्याच्या कायद्यात तीस टक्के पुरत होते. मग १९७१ च्या कायद्याचे काय? तो राज्याचा कायदा आहे, राष्ट्रपतींच्या संमतीचा आहे आणि संहितेच्या रद्द-यादीत त्याचे नाव नाही. पण राज्यघटनेच्या २५४ व्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेच्या नंतरच्या कायद्याशी तो जिथे विसंगत ठरेल, तिथे संसदेचा कायदा वरचढ होईल. मान्यतेचे कलम पडले तरी तक्रारीचे टिकेल का? ४-सी कलमावर उभे असलेले जुने हक्क पुढे कसे चालतील? हे प्रश्न उच्च न्यायालयासमोर येणे अटळ आहे.

निकालांवरच्या भाष्याला काय साधता येते, याचे उदाहरण पुण्याजवळच आहे. मथुरा बलात्कार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नागपूर खंडपीठाचा निकाल फिरवला, तेव्हा १९७९ मध्ये चार विधिअभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांत पुण्याच्या वसुधा धागमवार होत्या. त्या पत्रातून उभ्या राहिलेल्या आंदोलनामुळे १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

कामगार कायद्यात अशा भाष्याची आज निकड आहे. १८९९ पासून निघणाऱ्या बॉम्बे लॉ रिपोर्टरमुळे आणि कामगार निकालांच्या इंग्रजी संग्रहांमुळे वकिलाचे काम भागते. पण पुण्याच्या विधी महाविद्यालयांनी औद्योगिक न्यायालयाचे पहिल्या पायरीवरचे आदेश अभ्यासावेत, नाते नाकारल्यामुळे फेटाळलेल्या तक्रारींचे पुढे काय झाले ते शोधावे आणि ते मराठीत छापावे. युनियनच्या कार्यालयात, गेट मीटिंगमध्ये ते वाचले जाईल. आणि कायदा करणाऱ्यांनी एक साधी दुरुस्ती करावी : नात्याचा वाद आणि अन्यायाची तक्रार, दोन्ही एकाच न्यायालयाने एकाच कामकाजात ऐकावीत आणि तोवर अंतरिम संरक्षण द्यावे. तांबे समितीच्या अहवालातून उभा राहिलेला कायदा अन्याय झालेल्या माणसाला वेळेत ऐकून घेण्यासाठी होता. कंत्राटदाराच्या नावाचा गेटपास गळ्यात आहे म्हणून त्या माणसाला वगळले, तर पन्नास वर्षांपूर्वी मिळालेला हक्क या पट्ट्यातल्या निम्म्या गेटांवरही पोचणार नाही.